हरभऱ्याएवढी ग्रंथी आणि अक्काची चोवीस वर्षं

मागच्या आठवड्यात भाच्याचा फोन आला. त्याच्या मुलीचं बाळंतपण नांदेडला झालं. मुलगा झाला, बाळ-बाळंतीण सुखरूप. बोलता बोलता तो म्हणाला, "मामा, बाळ झाल्याबरोबर तिला एक इंजेक्शन दिलं. रक्त जास्त जाऊ नये म्हणून. नर्सबाई म्हणाल्या, आता सगळ्यांनाच देतात." मग जरा थांबून त्यानं विचारलं, "मामा, आईला तेव्हा नेमकं काय झालं होतं हो? मला आजवर कुणी नीट सांगितलंच नाही."

फोनवर मी काहीतरी जुजबी बोललो आणि विषय बदलला. रात्री झोप लागली नाही. बावन्न-त्रेपन्न वर्षांचा माणूस आपल्या आईबद्दल विचारतो आणि मामा विषय बदलतो, हे बरं नव्हे. म्हणून हे लिहायला बसलो आहे. हे त्याच्यासाठी आहे, आणि आपल्या गोतावळ्यातल्या ज्यांनी अक्काला पाहिलं त्या सगळ्यांसाठी. ब्लॉगवरच्या इतर मित्रांनीही वाचावं, कारण ही गोष्ट फक्त आमच्या घराची नाही.

मी आयुष्यभर इतिहास शिकवला. पानिपत, फ्रेंच राज्यक्रांती, हैदराबादचा मुक्तिसंग्राम. कोणत्या साली काय घडलं हे पोरांकडून घोकून घेतलं. पण एखादी गोष्ट जगात माहीत होते आणि ती हदगावपर्यंत पोचते, यांच्यामध्ये किती वर्षं जातात, हा इतिहास मात्र मी कधी शिकवला नाही. तो अक्कामुळे मला शिकावा लागला.

१९७३ चा वैशाख. बहात्तरचा दुष्काळ म्हणतात तो खरं तर त्या उन्हाळ्यात टिपेला पोचला होता. विहिरींनी तळ गाठलेला, माणसं खडी फोडायला जायची, घरात लाल मिलोच्या भाकरी. अक्का पहिलटकरीण, रीतीप्रमाणे माहेरी आलेली. बाळंतपण घरीच, सुईणीच्या हातून. मुलगा झाला, थाळी वाजली. आणि मग अक्काच्या अंगावरून जे जायला लागलं ते थांबेचना. मी तेव्हा नुकता बी.ए. झालेलो, पुरुषमाणूस म्हणून ओसरीवर उभा. आतून एकामागून एक लुगडी बाहेर येत होती, ती धुवायला पाणी नव्हतं. अक्का पांढरीफटक पडली, डोळे फिरवले. आईनं देव पाण्यात ठेवले. पहाटे कधीतरी रक्त आपोआप थांबलं. अक्का वाचली. सगळे म्हणाले, पुनर्जन्म झाला.

दूध मात्र आलं नाही. एक थेंबही नाही. अळीव झाले, खसखस झाली, शतावरी झाली, कुठून कुठून मागून आणलेल्या डिंकाचे लाडू झाले. शेवटी भाच्याला शेळीच्या दुधावर वाढवलं. पुढं अक्काची पाळी परत आली नाही. भर मे महिन्यात ती गोधडी पांघरून बसायची. सदा झोप, आवाज जड, चेहरा फिकट मेणासारखा. चार पावलं चालली की खाली बसायची. गंमत अशी की ती वाळली नव्हती. वाळली असती तर लोकांनी आजारी म्हटलं असतं. अंगानं बरी दिसणारी बाई काम करत नाही म्हटल्यावर तिला आळशीच म्हणतात. सासरी तीन वर्षं कशीबशी काढली. बाहेरचं आहे म्हणून देवऋषी झाले, अंगारे-धुपारे झाले. मग दुसरं मूलही होत नाही म्हणून सासरच्यांनी तिला माहेरी आणून सोडलं आणि मुलगा ठेवून घेतला.

मीही काही वेगळा नव्हतो. शाळेतून थकून यावं तर ही मागच्या खोलीत झोपलेली. एकदा मी चिडून म्हणालो, "अक्का, कामून सारखी झोपतीस गं? उठ की जरा." ती उठली, भिंतीला धरून चुलीपर्यंत गेली आणि तिथंच बसली. काही बोलली नाही. हे वाक्य मी अजून विसरलो नाही. आज ते इथं लिहून टाकलं.

आता जरा त्या ग्रंथीकडे वळू.

आपल्या मेंदूच्या बुडाशी, नाकाच्या मुळामागे, कवटीच्या हाडात खोगिरासारखा एक खळगा असतो. त्यात साधारण हरभऱ्याएवढी एक ग्रंथी बसलेली असते. वजन जेमतेम अर्धा ग्रॅम. शाळेच्या पुस्तकात तिला पियुषिका म्हणतात, मराठी विश्वकोशात पोष ग्रंथी म्हटलं आहे, डॉक्टर पिट्युइटरी म्हणतात. यातल्या पिट्युइटरी या नावाची कथा मजेशीर आहे. लॅटिनमध्ये पिट्युइटा म्हणजे कफ. मेंदूतला कफ या ग्रंथीतून नाकात उतरतो, अशी युरोपातल्या वैद्यांची शेकडो वर्षं समजूत होती. शरीराचा कारभार चालवणाऱ्या ग्रंथीला त्यांनी शेंबडाचं नाव दिलं, आणि तेच कायम राहिलं!

कारभार म्हणतो तो खराच. ग्रंथीचा पुढचा भाग रक्तात संप्रेरकं सोडतो. एक थायरॉईडला कामाला लावतं, एक मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथींना, दोन अंडाशयांना, एक उंची वाढवतं, एक दूध तयार करवतं. मागच्या भागातून दोन संप्रेरकं येतात. त्यांतलं एक शरीरातलं पाणी राखतं. दुसरं, ऑक्सिटोसिन, गर्भाशय आवळतं आणि पान्हा सोडतं. ही दोन्ही मुळात तयार होतात ती वर हायपोथॅलॅमस नावाच्या मेंदूच्या भागात. मागचा भाग नुसतं कोठार. पुढच्या भागालाही हुकूम हायपोथॅलॅमसकडूनच येतात. हे हुकूम रक्तातून येतात, असं इंग्लंडच्या जेफ्री हॅरिस यांनी विसाव्या शतकाच्या मध्याला मांडलं. तो हुकूम म्हणजे नेमका कोणता पदार्थ, हे शोधायला अमेरिकेत रॉजर गिलमँ यांनी लाखो मेंढ्यांचे आणि अँड्र्यू शॅली यांनी तितक्याच डुकरांचे मेंदू गोळा केले. १९६९ मध्ये त्यांतल्या पहिल्या पदार्थाची रचना हाती आली. १९७७ साली दोघांना नोबेल मिळालं. त्याच वर्षी रोझलिन यॅलो या बाईंनाही मिळालं, रक्तातली संप्रेरकं मोजण्याच्या पद्धतीबद्दल.

गरोदरपणात ही ग्रंथी मोठी होते, दूध तयार करायची जबाबदारी येणार असते म्हणून. पण तिच्या पुढच्या भागाला रक्त येतं ते फार कमी दाबाच्या वाटेनं. अशा वेळी बाळंतिणीचं रक्त धो धो गेलं आणि दाब कोसळला, तर सर्वांत आधी उपाशी राहते ती ही ग्रंथी. तो भाग मरतो. बाई वाचते, कारभारी मात्र गेलेला असतो. दूध नाही, पाळी नाही, थायरॉईड झोपलेलं म्हणून थंडी आणि सुस्ती, अधिवृक्क झोपलेल्या म्हणून अंगात बळ नाही. साधा ताप किंवा जुलाबही अशा बाईच्या जिवावर बेततो.

हे सगळं ग्लासगोच्या बाळंतिणींच्या रुग्णालयातले एक विकृतिशास्त्रज्ञ, हॅरल्ड शीहान, यांनी १९३७ साली लिहून ठेवलं. बाळंतपणात दगावलेल्या बायकांची शवविच्छेदनं करताना त्यांच्या लक्षात आलं की रक्त जाणं आणि ग्रंथी मरणं यांचा थेट संबंध आहे. त्याआधी १९१४ मध्ये जर्मनीतल्या सिमंड्स यांनी अशी सुकलेली ग्रंथी वर्णिली होती, पण त्यामुळे डॉक्टरांचा समज झाला होता की अशी रुग्ण खंगून काटकुळी होते. शीहान यांनी पुढं ठासून सांगितलं की तसं नसतं, ही बाई वाळतेच असं नाही. वाचताना मी इथं थांबलो. आमच्या अक्काकडे बघून सगळं गाव जे चुकलं, त्याच चुकीबद्दल हा माणूस कितीतरी आधी सांगून गेला होता.

म्हणजे अक्काचा आजार तिच्या जन्माआधीच पुस्तकात होता. त्यावरचं औषधही होतं. तिच्या जन्मवर्षी, १९४८ मध्ये, अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये कॉर्टिझोन पहिल्यांदा रुग्णाला दिलं गेलं. आणि ते रक्त मुळात थांबवता आलं असतं का? तेही होतं.

१९०६ साली इंग्लंडमध्ये हेन्री डेल यांना दिसलं की या ग्रंथीचा अर्क मांजरीचं गर्भाशय आवळतो. तीन वर्षांत लिव्हरपूलचे ब्लेअर-बेल तो अर्क बाळंतिणींना देऊ लागले. १९१० मध्ये ऑट आणि स्कॉट यांनी तो शेळीला टोचला तर पान्हा फुटला. आपल्या गोठ्यात हे ज्ञान निराळ्या भाषेत होतंच. आधी वासरू लावायचं, मगच गाय दूध सोडते. वासरू मेलं तर त्याच्या कातड्यात भुसा भरून ते गाईपुढं उभं करायचं. वासराचा वास लागला की गाईच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन सुटतं, हे नाव तेवढं आपल्याकडे नव्हतं. १९५३ मध्ये व्हिन्सेंट द्यू व्हिन्यो यांनी ते प्रयोगशाळेत बनवलं, नऊच अमिनो आम्लांची छोटीशी साखळी. १९५५ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. त्यानंतर जनावरांच्या ग्रंथींची गरज उरली नाही. ते कुपीत मिळू लागलं.

पण ते थंडीत ठेवावं लागतं. १९७३ च्या वैशाखात आमच्या गल्लीत माठातलं पाणीही गरम होतं.

या ग्रंथीची औषधं म्हणजे सगळं गोडच होतं असंही नाही. ऑक्सिटोसिन बेताबेतानं न देता घाईनं दिलं तर गर्भाशय फाटू शकतं. वाढीच्या संप्रेरकाची कथा तर अंगावर काटा आणणारी आहे. १९५८ पासून खुरट्या मुलांची उंची वाढवायला ते मृत माणसांच्या ग्रंथींतून काढून देत. १९८५ मध्ये कळलं की त्यातून काही मुलांना मेंदू पोखरणारा जीवघेणा रोग गेला आहे. ते तातडीनं बंद झालं, आणि सुदैवानं त्याच वर्षी जनुकांच्या तंत्रानं बनवलेलं सुरक्षित संप्रेरक बाजारात आलं.

आता १९८६. ऑगस्टची गोष्ट. शाळेत पेपर आला. ६ ऑगस्टला मुंबईच्या केईएम रुग्णालयात टेस्ट ट्यूब बेबी जन्मली होती. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्याच इन्स्टिट्यूट फॉर रिसर्च इन रिप्रॉडक्शनचे संचालक डॉ. टी. सी. आनंदकुमार यांचं हे काम. मी वर्गात मोठ्या अभिमानानं ती बातमी वाचून दाखवली. मूल नसलेल्या बायकांना आता आशा आहे, असं काहीतरी भाषणही ठोकलं. संध्याकाळी घरी आलो तर अक्का गोधडीत. एका बाळंतपणानंतर वांझ ठरवलेली माझी सख्खी बहीण आणि ती बातमी यांचा एकमेकांशी काही संबंध असू शकतो, हे मास्तरच्या डोक्यात आलं नाही.

संबंध होता. स्वीडनमध्ये गेम्झेल यांनी १९५८ मध्येच माणसाच्या पियुषिकेतली संप्रेरकं देऊन झोपलेले अंडाशय जागे केले होते. तिकडे इटलीत डोनिनी यांनी पाळी गेलेल्या बायकांच्या लघवीतून तीच संप्रेरकं काढली. या वयात ती लघवीत भरपूर असतात. त्यासाठी मठांतल्या वृद्ध जोगिणींची लघवी गोळा केली जाई. ज्यांची ग्रंथी मुकी होती अशाच बायकांना १९६० च्या दशकात या औषधानं मुलं झाली. म्हणजे अक्कासारख्यांनाच.

आणि याच औषधापाशी कलकत्त्याच्या डॉ. सुभाष मुखर्जींची गोष्ट येते. हा माणूस संप्रेरकं मोजण्याचं शास्त्र एडिंबरोला शिकून आला होता. इंग्लंडमध्ये जगातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी २५ जुलै १९७८ ला जन्मली. तिकडच्यांनी निसर्गक्रमात तयार होणारं एकच अंडं वापरलं होतं. मुखर्जींनी लघवीतून काढलेली ती संप्रेरकं टोचून अनेक अंडी पिकवली, गर्भ गोठवून ठेवला, मग तो आईच्या पोटात सोडला. ३ ऑक्टोबर १९७८ ला मुलगी जन्मली. तिला दुर्गा म्हटलं गेलं. पुढं जगभर संप्रेरकं टोचण्याचीच पद्धत रूढ झाली. पण राज्य सरकारनं नेमलेल्या चौकशी समितीनं मुखर्जींवर विश्वास ठेवला नाही. जपानला जाऊन काम मांडायची परवानगी मिळाली नाही. १९८१ मध्ये त्यांची बदली केली ती डोळ्यांच्या संस्थेत! १९ जून १९८१ ला त्यांनी गळफास घेतला. 'एक डॉक्टर की मौत' हा १९९० चा हिंदी सिनेमा त्यांच्यावरूनच सुचला.

पहिलेपणाचा मान मग मुंबईला मिळाला. पण १९९७ साली आनंदकुमार कलकत्त्याला गेले असताना मुखर्जींची कागदपत्रं त्यांच्या हाती आली. ती त्यांनी बारकाईनं वाचली आणि 'करंट सायन्स'मध्ये जाहीर लिहिलं की भारताची पहिली टेस्ट ट्यूब बेबी मुखर्जींचीच. स्वतःच्या नावावर असलेला मान त्यांनी स्वतःच्या हातानं उतरवून दुसऱ्याला दिला, तोही तो माणूस जाऊन सोळा वर्षं झाल्यावर. इतिहास शिकवणाऱ्या माणसानं यापेक्षा मोठं उदाहरण कुठून आणावं?

योगायोग असा की १९९७ हेच वर्ष आमच्याही घरात कागद उघडले जाण्याचं ठरलं.

त्या पावसाळ्यात अक्काला जुलाब-उलट्या झाल्या. घरात आणखी दोघांना झाल्या होत्या, ते दोन दिवसांत बरे झाले. अक्का मात्र बेशुद्ध पडली. जीप करून नांदेडला नेलं. तोवर चोवीस वर्षांत कितीतरी दवाखाने झाले होते. कुणी रक्तवाढीची सुई दिली, कुणी टॉनिक, कुणी सलाईन लावून घरी पाठवलं. इथं रात्रपाळीला एक पोरगेला डॉक्टर होता, माझ्या विद्यार्थ्याच्या वयाचा. रक्तातली साखर आणि मीठ दोन्ही घसरलेलं बघून तो थबकला. अक्काचा चेहरा निरखला, हात फिरवून कातडी पाहिली. मग आमच्या आईकडे वळून त्यानं तीन प्रश्न विचारले.

"बाळंतपणात रक्त खूप गेलं होतं का?"

"दूध आलं होतं का?"

"पाळी परत आली का?"

आईनं पदर तोंडाला लावला. चोवीस वर्षांत हे तिला कुणी विचारलं नव्हतं. तिन्ही प्रश्नांना खर्च एक पैशाचा नव्हता. त्यानं लगेच स्टेरॉईडची सुई दिली. रक्ताचे नमुने पुढं मुंबईला गेले, यॅलोबाईंच्या पद्धतीनं मोजले गेले, आणि त्याचं म्हणणं खरं ठरलं. शीहान सिंड्रोम. त्या ग्लासगोच्या माणसाचं नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. साठ वर्षं लागली होती त्याला हदगावच्या एका बाईपर्यंत यायला.

आधी स्टेरॉईडच्या गोळ्या सुरू केल्या, मग थायरॉईडच्या. हा क्रम उलटा केला तर जिवावर बेततं, हे त्या डॉक्टरनं मला तीनदा बजावलं. ताप आला तर स्टेरॉईडची गोळी दुप्पट, आणि काही झालं तरी बंद करायची नाही. गोळ्या साध्या होत्या, महाग नव्हत्या. दहाव्या-अकराव्या दिवशी मी शाळेतून आलो तर अक्का ओसरीवर बसलेली. म्हणाली, "बापू, भूक लागली रे." चोवीस वर्षांत तिनं स्वतःहून जेवायला मागितलेलं मला आठवत नव्हतं. त्या हिवाळ्यात ती तामश्याच्या बहिणीकडे एकटी एसटीनं जाऊन आली. पुढं चौदा वर्षं जगली, २०११ पर्यंत. गोळ्यांचा पत्र्याचा डबा कायम उशाशी. एक दिवस चुकवला नाही.

आता भाच्या, तुझ्यासाठी. तू लहानपणी कधीतरी आमच्याकडे यायचास, तेव्हा तिच्या मांडीवर चढायचास आणि ती तुला लगेच खाली उतरवायची. तू पुढं एकदा म्हणाला होतास, आईला मी नकोच होतो. तसं नव्हतं रे. तिच्या मांडीत तुला पेलायचं बळ नव्हतं. अंगावर पाजलं नाही ते तिला नको होतं म्हणून नाही. दूध बनवा असा हुकूम देणारी हरभऱ्याएवढी गोष्ट तुझ्या जन्माच्या रात्रीच विझली होती. हे मला १९९७ मध्ये कळलं होतं. तुला तेव्हाच सांगायला हवं होतं. तुझ्या सासरी-माहेरी बोलणी नको, तुझ्या वडिलांकडच्यांना दोष दिल्यासारखं नको, असं म्हणत राहिलो. दोष द्यायचाच तर आम्ही सगळेच त्यात आहोत, मी धरून.

आणि तुझ्या लेकीला मिळालेलं ते इंजेक्शन म्हणजे बहुतेक तेच ऑक्सिटोसिन, त्याच ग्रंथीच्या कोठारातलं, फक्त कारखान्यात बनवलेलं. ते रक्त थांबवतं, आणि रक्त थांबलं की ग्रंथी वाचते. तुझ्या आईला ते मिळालं असतं तर तुझं बालपण वेगळं गेलं असतं.

हे इंजेक्शनही आपोआप टिकून राहत नाही. गोठ्यात दूध काढायला त्याचा वाईट वापर होतो म्हणून २०१८ साली केंद्र सरकारनं खासगी कंपन्यांना देशात विकायला ते बनवण्यास बंदी घातली आणि सगळा भार एका सरकारी कंपनीवर टाकायचं ठरवलं. बाळंतिणींना ते कमी पडेल म्हणून लोक न्यायालयात गेले, आणि डिसेंबर २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ती बंदी रद्द केली. गावात आता आशाताई आहेत, १०८ ची गाडी आहे. महाराष्ट्रात २०१८-२० या काळात लाख जिवंत जन्मांमागे ३३ माता दगावल्या; देशाच्या सरासरीच्या तुलनेत हा आकडा बराच कमी आहे. पण या आकड्यात फक्त मेलेल्या मोजल्या जातात. अक्कासारख्या वाचलेल्या कुठं मोजल्या जात नाहीत.

म्हणून एक विनंती. तुमच्या घरात, शेजारात अशी कुणी मावशी, आत्या, जाऊ असेल, बाळंतपणानंतर जी 'तशीच' राहिली, जिला सगळे सुस्त म्हणतात, तर तिला ते तीन प्रश्न विचारा. उत्तरं तशीच आली तर तिला डॉक्टरकडे न्या आणि डॉक्टरांनाही ती तिन्ही उत्तरं न विसरता सांगा.

असो. बारशाला आम्ही दोघंही येतोय. मामी कुंची शिवते आहे. अक्काचा तो पत्र्याचा डबा मी अजून ठेवला आहे, येताना घेऊन येतो. तुझ्याकडे असू दे.